सबनीसांची पाठ

सबनीसांची पाठ मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि तीसुद्धा पार पृथ्वीच्या खालच्या टोकाला जाऊन.

ज्या माणसाबरोबर मी वर्षानुवर्षं एका ऑफिसात काम केलं, एका इमारतीत राहिले, ज्याच्या संगतीत अलास्कापासून अर्जेंटिनाच्या शेपटापर्यंत मोटरसायकल पिटाळली, त्याची पाठ कशी दिसते हे मला माहीत नसावं, यात माझा काही दोष नाही. सबनीस कुणाच्या पुढे जातच नसत. दार असो, रांग असो, जेवणाची पंगत असो, उजवा हात पोटापासून बाहेर अर्धगोलात फिरवायचे आणि म्हणायचे, "आधी तुम्ही." साहेबाला म्हणायचे, वॉचमनला म्हणायचे, आमच्या पार्किंगमधल्या मांजरीलाही म्हणायचे. अरबी माणूस दिसला की "तफद्दल", पठाण दिसला की "पहले आप". मांजरीला अहो-जाहो करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुबई मरीनातल्या आमच्या टॉवरमध्ये सकाळी लिफ्टसाठी मारामार असते. सबनीस बाहेर उभं राहून बटण दाबून धरायचे आणि एकेकाला आत सोडायचे. लिफ्ट भरायची, दार मिटायचं, सबनीस बाहेरच. पुढच्या लिफ्टला पुन्हा तेच. नवे भाडेकरू त्यांना लिफ्टमनच समजायचे. एका रशियन बाईंनी नाताळात त्यांना चॉकलेटचा डबाही दिला होता. या सगळ्यामुळे ते माझ्या तासभर आधी घरातून निघायचे आणि माझ्यानंतर ऑफिसात पोचायचे. कधी आत शिरायला मिळालंच तर दाराकडे तोंड करून उभे राहायचे नाहीत, कारण लोकांकडे पाठ करणं बरं दिसत नाही. सकाळी सकाळी डझनभर पेंगुळलेली माणसं आणि त्यांच्याकडे तोंड करून मंद हसणारे सबनीस. साहेबांच्या केबिनमधून तर ते गाभाऱ्यातून निघावं तसे उलट्या पावली बाहेर यायचे. त्यात दोनदा वॉटर कूलरवर आदळले आणि दोन्ही वेळा कूलरला सॉरी म्हणाले.

"आमच्या लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली," सुलभावहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, सांगायच्या, "तर हे म्हणाले, आधी तुम्ही. मी म्हटलं, नाही हो, आधी तुम्ही. तो उखाणा अजून घ्यायचाय."

आमची कंपनी माल पोचवायची. कुणाचाही, कुठलाही, कुठूनही कुठेही. मी अकाउंट्समध्ये आणि सबनीस ऑपरेशन्समध्ये. खजूर, जनरेटर, मशिदीची झुंबरं, एकदा तर सुटा केलेला अख्खा आकाशपाळणा त्यांनी चिलीला रवाना केला होता. जगातल्या झाडून सगळ्या बंदरांची नावं त्यांना पाठ. स्वतः मात्र तोवर सांगली आणि दुबई सोडून कुठेही गेलेले नव्हते. साठ झाली की कंपनी व्हिसा कॅन्सल करणार आणि मग पुन्हा सांगली. इथे आपण सगळेच पाहुणे, तारीख तेवढी प्रत्येकाची वेगळी.

आता मोटरसायकलींबद्दल. मी चाळिशीनंतर बाइक शिकले. नवरा म्हणाला, योगाचा क्लास लाव. मी बाइक लावली. दर शनिवारी पहाटे डॉक्टर बर्वे, त्यांची मुलगी रिया आणि मी, असे तिघं डोंगरातून फुजैराला जायचो. बर्वे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणून म्हणून त्यांना कुणाचं बोलणं ऐकून घ्यायची सवय राहिलेली नव्हती. रिया इथेच जन्मलेली, बँकेत नोकरी. तिला मराठी सगळं कळतं पण तोंडातून इंग्रजीच येतं. या टोळीत सबनीस शिरले ते नाश्त्याच्या निमित्ताने. आमच्या मागून आपली गाडी घेऊन यायचे. फुजैराच्या किनाऱ्यावर पोचलो की डिकीतून उपम्याचा डबा, चहाचा थर्मास आणि कागदी बशा काढायचे, आम्हाला वाढायचे आणि उरलंसुरलं स्वतः खायचे.

अशाच एका शनिवारी समुद्रात तेल भरायला थांबलेल्या जहाजांकडे बघत त्यांनी बॉनेटवर दोन्ही अमेरिकांचा नकाशा पसरला.

"हे अलास्का," ते म्हणाले. "आणि हे खाली उशुआया. इथे रस्ता संपतो. इथे मी माल पाठवलाय, आईस्क्रीमचं मशीन होतं. म्हणजे बघा, मशीनसुद्धा तिथे पोचलं."

"मग?" बर्वे म्हणाले.

"आयुष्यभर दुसऱ्यांचा माल पोचवला, डॉक्टर. एकदा मला स्वतःला डिलिव्हर व्हायचंय. पण असं विमानात बसून नाही. मोटरसायकलवरून. आणि शेवटचा टप्पा स्वतः चालवत."

आम्हाला वाटलं उपमा खाता खाता बोलतात तसं बोलले असतील. पण पुढच्या शनिवारी त्यांनी आमच्या रजांचा हिशेब मांडला. एवढा प्रवास एका रजेत होणार नव्हता. मग तीन वर्षांच्या तीन रजा. दर वर्षी जिथे थांबू तिथे बाइक गोदामात ठेवायच्या, कारण प्रत्येक बंदरात सबनीसांचा कुणीतरी ओळखीचा होताच. वार्षिक रजा म्हणजे इंडियाला जायचं, आईबापांना भेटायचं, आंबे खायचे, हा इथल्या प्रत्येक घरातला अलिखित कायदा. तो आम्ही तीन वर्षं मोडणार होतो. माझ्या सासूबाईंनी फोनवर विचारलं, "अमेरिकेत कुणाकडे उतरणार?" मी म्हटलं, कुणाकडेच नाही. त्यांना वाटलं आमचं काहीतरी बिनसलंय. कागदपत्रं करायचा आम्हा तिघांनाही कंटाळा, त्यामुळे सबनीस आपोआप आमचे लीडर झाले. शेवटून चालणारे लीडर.

त्यांच्या तयारीला सीमा नव्हती. भर ऑगस्टमध्ये, बाहेर रस्ता वितळत असताना, त्यांनी आम्हाला अल क्वोजच्या गोदामांच्या वस्तीतल्या एका ओळखीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बोलावलं. अंगावर जाकिटं, ग्लोव्हज, हेल्मेट, सगळा जामानिमा. "अलास्काची सवय करायची," ते म्हणाले. आम्ही गोठलेल्या मटारच्या खोक्यांवर ओळीने बसलो. समोर ब्राझीलच्या कोंबड्या छतापर्यंत रचलेल्या. सबनीसांनी भाकरवडीची पाकिटं वाटली. ती दगडासारखी झाली होती, आणि बर्वे दंतवैद्य असल्यामुळे त्यांनी कुणालाच खाऊ दिली नाही. फोर्कलिफ्टवाला मल्याळी माणूस येता जाता आमच्याकडे बघत होता. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "सर, एनी प्रॉब्लेम अॅट होम?"

बाहेर पडायच्या वेळी सबनीसांनी दार उघडलं, हात फिरवला, "आधी तुम्ही." आम्ही त्या भट्टीत पाऊल टाकलं आणि तिघांच्याही हेल्मेटच्या काचा एका क्षणात पांढऱ्याफटक झाल्या. मी बर्व्यांवर, बर्वे एका पिकअपवर. रिया आंधळ्यासारखी हात पुढे करून म्हणाली, "आय अॅम डन विथ अलास्का." मागून सबनीसांचा शांत आवाज आला, "बघा, हे आत्ताच कळलं ते किती बरं झालं."

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी परवान्यांच्या प्रती मागितल्या. आम्ही तिघांनी दिल्या. रियाने सहज विचारलं, "अंकल, व्हेअर इज युवर्स?"

"माझं इन प्रोसेस आहे."

"इन प्रोसेस सिन्स व्हेन?"

सबनीस जरा हसले. "झाली असतील काही वर्षं."

तेव्हा उलगडा झाला. दोन वर्षं दर शनिवारी ते आमच्या मागून गाडीने येत होते, आम्हाला वाटायचं उपमा सांडू नये म्हणून. प्रत्यक्षात आमच्या मोटरसायकल मोहिमेच्या लीडरकडे मोटरसायकलचं लायसन्सच नव्हतं. बर्व्यांनी डोक्याला हात लावला. "अहो, म्हणजे हे म्हणजे कवळी घालून मी दवाखाना उघडल्यासारखं झालं."

बाइक त्यांना येत नव्हती असं नाही. आठचा आकडा, अरुंद पट्टी, ब्रेक, सगळं मैदानातलं ते बिनचूक करायचे. नापास व्हायचे ते रस्त्यावरच्या टेस्टला, आणि तेही राउंडअबाउटला. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले आणि कुंपणापलीकडून सगळा प्रकार डोळ्यांनी पाहिला. पुढे बाइकवर सबनीस, मागे गाडीत परीक्षक. सबनीस राउंडअबाउटशी येऊन थांबले. डावीकडून एक कार आली, त्यांनी हात फिरवून तिला जाऊ दिलं. मग स्कूल बस, मग एक टॅक्सी, मग बराच वेळ कुणीच नाही. तरी सबनीस थांबलेले, कारण लांबवर एक पाण्याचा टँकर दिसत होता. टँकर सावकाश आला आणि त्या बिचाऱ्या ड्रायव्हरने बाइकवरचा म्हातारा बघून ब्रेक मारला.

"चाचा, आप जाओ," तो खिडकीतून म्हणाला.

"नहीं नहीं, आप जाइए."

"अरे आप जाओ ना, मैं खडा हूँ."

"आप तो भरे हुए हैं, आप पहले."

दोन्ही बाजूंनी हॉर्न सुरू झाले. सबनीसांनी हॉर्नवाल्यांनाही हात फिरवून वाट दिली.

कचेरीत परत आल्यावर परीक्षकाने हेल्मेट काढायला लावलं. इजिप्शियन, जाडजूड मिशांचा, दमलेला माणूस. "मिस्टर सबनीस. व्हाय यू स्टॉप?"

"सर, ही वॉज कमिंग."

"हबीबी, ही वॉज इन शारजा."

"बट ही वॉज कमिंग, सर."

परीक्षकाने छताकडे पाहिलं. "नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला." आणि उठून दाराकडे गेला, तर सबनीस तिथे आधीच दार धरून उभे.

मग बर्व्यांनी मोहीम हाती घेतली. अल क्वोजमधल्या एका मोकळ्या प्लॉटवर आम्ही खोके रचून राउंडअबाउट केला. रिया टॅक्सी झाली, मी स्कूल बस, बर्वे टँकर. सबनीसांनी फक्त एकदा, एकदाच, आमच्या मधून आत घुसायचं. आम्ही गोल गोल फिरत राहिलो. सबनीस थांबून आम्हाला हात करत राहिले. बाजूच्या वर्कशॉपमधली सुट्टी झालेली माणसं सायकलींवरून आली, त्यांनाही त्यांनी आत सोडलं. काही वेळाने त्या राउंडअबाउटवर खरोखरची वर्दळ झाली, एक शावरमावाला डिलिव्हरी बॉय पत्ता विचारत आमच्यातच फिरू लागला. माझं पेट्रोल संपलं तेव्हा आम्ही थांबलो.

बर्वे टँकरवरून उतरून ओरडले, "अहो सबनीस, रस्त्यात हक्क असतो आपला. घ्यायचा असतो."

"घेतो ना," सबनीस म्हणाले. "सगळ्यांचं होऊ दे."

शेवटी तोडगा निघाला साइडकारचा. एका उस्ताद वेल्डरने बर्व्यांच्या बाइकला उजव्या अंगाला पोट सुटावं तशी साइडकार बसवून दिली. सबनीस त्यात मांडीवर नकाशा घेऊन बसले. कायम सगळ्यात मागे. अशा रीतीने पहिल्या रजेत आम्ही अलास्काहून मेक्सिकोपर्यंत आलो, दुसऱ्या रजेत पनामापर्यंत.

तो प्रवास मी इथे सांगत बसणार नाही. पर्वत, दऱ्या, सूर्यास्त सगळं होतं, फोटो आहेत. मला आठवते ती मध्य अमेरिकेतली एक सीमा. सकाळी कचेरी उघडायच्या आत आम्ही रांगेत पहिले होतो. सबनीसांनी स्पॅनिशमधला एकच शब्दप्रयोग शिकून घेतला होता, "उस्तेद प्रिमेरो." म्हणजे आधी तुम्ही. तो त्यांनी मागच्या ट्रकवाल्याला ऐकवला. मग कोंबड्या घेऊन आलेल्या बाईंना. मग शाळेच्या सहलीला. दुपार झाली, रांग संपत नव्हती आणि आम्ही पहिल्यावरून शेवटी गेलो होतो. बर्वे साइडकारवर डोकं टेकवून रडकुंडीला आले होते. संध्याकाळी खिडकी बंद करून आतला अधिकारी स्वतः बाहेर आला. दिवसभर तो हे बघत असणार. त्याने आमचे कागद तिथेच उभ्या उभ्या शिक्का मारून दिले आणि कचेरीच्या दाराकडे हात करून सबनीसांना म्हणाला, "उस्तेद प्रिमेरो." आत कॉफी मांडली होती. सबनीस अर्थातच हलले नाहीत. तोही हट्टी निघाला. कॉफी गार झाली.

पनामाच्या खाली दाट जंगल आहे, तिथे रस्ताच नाही. सगळे वाहनवाले तिथे हबकतात. सबनीस मात्र तिथे खुलले. बाइक कंटेनरमध्ये कशा बांधायच्या, पेट्रोल किती ठेवायचं, सगळं त्यांच्या हातचा मळ. कंटेनरचं दार लावताना ते आमच्या बाइककडे पाहून म्हणाले, "या जाऊन पुढे, आम्ही येतोच." आम्ही दुबईला परतलो. आता तिसरी रजा उरली होती, कोलंबिया ते उशुआया. सबनीसांची नोकरीतली शेवटची रजा. लायसन्स अजूनही इन प्रोसेस होतं. ते मिळालं नाही तर ते साइडकारमधूनच जगाच्या टोकाला पोचणार होते, बर्व्यांच्या मालासारखे. ते बोलून दाखवत नव्हते, पण त्यांच्या हसण्यातला जीव गेला होता आणि ते मला बघवत नव्हतं.

त्या काळात एकदा मी त्यांच्याकडे गेले होते. सुलभावहिनी ओट्याशी पोहे करत होत्या, सबनीस टेबलाशी चहा ढवळत बसले होते. परवा टेस्ट. वहिनींनी पाठमोऱ्याच विचारलं, "काय हो, तुमच्या ऑफिसात विमानात आधी काय चढवतात?"

"पेरिशेबल. फळं, फुलं, औषधं."

"आणि बाकीचा माल म्हणाला, आधी आम्ही, तर?"

"छे, तिथे तसं चालत नाही. नासणारा माल थांबवला की खलास. तो सगळ्यांच्या आधी."

वहिनींनी गॅस बंद केला आणि वळल्या. "मग तुम्ही कसला माल आहात? पुढच्या वर्षी साठ. किती दिवस टिकणार आहात, तुम्हीच सांगा." आणि एवढं बोलून त्यांना एकदम रडू आलं. "आयुष्यभर मला आधी, आधी करून पुढे ढकललंत. मला काय पुढे एकटीला जायचं होतं?"

सबनीसांचा चमचा थांबला. मी पोह्यांची बशी उचलून बाल्कनीत गेले. अशा वेळी नवराबायकोंच्या मधे पोहेसुद्धा असू नयेत.

त्या परवाच्या टेस्टला आम्ही तिघंही कुंपणापाशी उभे होतो. राउंडअबाउट आला. डावीकडून एक सिमेंट मिक्सर येत होता, पण बऱ्यापैकी लांब होता. सबनीस थांबले. मग त्यांनी चक्क गिअर टाकला आणि आत शिरले. बर्व्यांनी मला मिठी मारली, मग भानावर येऊन रियाला मारली. मागच्या गाडीतून परीक्षक उतरला तेव्हा तो हसत होता, आणि सबनीसांच्या मागे जाऊन काहीतरी बोट दाखवून बोलला. सबनीस लाजले. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही, आणि सबनीस आमच्याकडे आले ते नेहमीप्रमाणे सामोरे.

तिसऱ्या रजेत अँडीज ओलांडून आम्ही खाली खाली जात राहिलो. ठरल्याप्रमाणे शेवटचा दिवस उजाडेपर्यंत सबनीस साइडकारमध्येच. उशुआयाच्या पुढे जंगलातून जाणारा कच्चा रस्ता आहे, तो जिथे संपतो तिथे एक लाकडी पाटी. त्या सकाळी मी माझी बाइक त्यांच्या हवाली केली आणि साइडकारमध्ये जाऊन बसले. ते बाइकला म्हणाले, "चला, येताय ना?" मग हेल्मेट घातलं, आमच्याकडे पाहिलं, हात अर्धगोलात उचलला. रिया आपली बाइक बंद करून उभी होती. तेरा देशांत जिने कुणाशी मराठीत एक शब्द काढला नव्हता, ती म्हणाली, "काका, आज नाही. आधी तुम्ही."

आणि सबनीस गेले. आमच्या पुढे.

तेव्हा मी त्यांची पाठ पाहिली. किंचित पोक आलेली, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, वर्षानुवर्षं लोकांसाठी दारं धरून ठेवल्यामुळे असेल. आणि जाकिटाच्या बरोबर मधोमध आमच्या कंपनीचं भलंमोठं लाल स्टिकर, इंग्रजी आणि अरबीत छापलेलं: नाशवंत माल, प्राधान्याने पाठवा. टेस्टच्या दिवसापासून ते तिथे होतं. परीक्षक हसला होता तो हे वाचून. सबनीस ते अख्ख्या दक्षिण अमेरिकेतून पाठीवर घेऊन आले आणि आमच्यापैकी कुणीच ते वाचलं नव्हतं. बर्वे बाइक चालवता चालवता हसायला लागले आणि मग त्यांच्या हेल्मेटच्या आतून हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मी तर आधीच रडत होते.

पाटीच्या थोडं अलीकडे एक अरुंद लाकडी पूल होता. एका वेळी एकच वाहन जाईल असा. सबनीस त्याच्याशी पोचले आणि समोरून प्रवाशांची एक बस आली. तीही पुलाच्या तोंडाशी. सबनीसांचा वेग कमी झाला. बर्वे पुटपुटले, "गेलं. आता आपण इथेच राहतो." सबनीसांचा उजवा हात हँडलवरून सुटला, वर आला, अर्धगोलाच्या अर्ध्यापर्यंत गेला. मग तो हात परत हँडलवर गेला. ते पुलावर चढले, सरळ बसच्या रोखाने, मुंगीच्या चालीने पण न थांबता. बस थांबली. आतले सगळे प्रवासी खिडक्यांना नाक लावून बघत होते. पूल ओलांडून बसच्या बाजूने जाताना सबनीसांनी ड्रायव्हरची माफी मागितली, पण चालत्या गाडीवरून.

पाटीशी आम्ही पोचलो तेव्हा ते बाइकवरून उतरून उभे होते. वाऱ्याने डोळे लाल झालेले, किंवा वाऱ्याने नसतील. "डिलिव्हर्ड," ते म्हणाले. मग एकदम त्यांच्यातला ऑपरेशन्सवाला जागा झाला. "पण रिसीव्हरची सही लागते. सहीशिवाय डिलिव्हरी पूर्ण होत नाही." तिथे आम्ही, समुद्र आणि एक कोल्हा. शेवटी बर्व्यांनी खिशातून पेन काढलं, सबनीसांना उलटं फिरवलं आणि त्या लाल स्टिकरवर आपली डॉक्टरी सही ठोकली. "माल सुस्थितीत मिळाला," असं लिहिलं म्हणे. अक्षर कुणालाच लागलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी सबनीस रिटायर झाले. दुपारचं विमान होतं. आम्ही तिघं विमानतळावर सोडायला गेलो. ज्या दाराच्या आत फक्त प्रवाशांना सोडतात, तिथवर आलो. सुलभावहिनींनी मला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि ट्रॉली ढकलत थेट आत गेल्या. त्या आता थांबत नसत. सबनीस मात्र दाराशी, आमच्याकडे तोंड करून उभे. आमच्या मागून माणसं येत होती, ते बाजूला सरून त्यांना वाट देत होते. एक फिलिपिनो कुटुंब, मग तीन-चार कामगार, मग व्हीलचेअरवरचे आजोबा. आतून वहिनींचा आवाज आला, "अहो!"

"सबनीस, जा आता," बर्वे म्हणाले. "विमान काही तुम्हाला आधी तुम्ही म्हणणार नाही."

"जातो ना. तुम्ही निघा, मग जातो. पोचवायला आलेल्या माणसांच्या आधी कसं निघायचं?"

"आम्ही पोचवायला आलोय, म्हणजे तुम्ही आधी जायचं."

"ते मी एकदा गेलो, डॉक्टर. पुष्कळ झालं."

बर्व्यांनी खेकसायला तोंड उघडलं. रियाने त्यांचा हात धरून ओढला. "बाबा, यल्ला." सबनीसांनी उजवा हात पोटापासून बाहेर फिरवला, अगदी सावकाश, आमच्या तिघांसाठी मिळून एकदाच.

मग काय करणार, आम्ही पाठ फिरवली आणि पार्किंगकडे चालू लागलो. वळणावर मी एकदा मागे पाहिलं. ते तसेच उभे होते, सामोरे, हसत, आणि एका बाईंना त्यांच्या बाबागाडीसह वाट करून देत होते. त्यांना जाताना आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही.